रुमाल टाकलेल्या जागा

आमच्या बदनापूरच्या गल्लीत तातेरावांना अजून सगळे कंडक्टरच म्हणतात. एसटीतून रिटायर झाले, पण खाकी काही अंगावरून उतरली नाही. गाडी जड चालली की आत कुणीतरी फुकट्या बसलाय, हा त्यांचा आयुष्यभराचा हिशोब.

घरात वायफाय आलं तेव्हा शेजारच्या उषाबाईंना पासवर्ड त्यांनीच दिला होता. उषाबाई एकट्या, कापसाच्या जिनिंगवर कामाला. मुलगी वंदना सुरतेला दिलेली. बाळ लहान, त्यामुळे तिचं येणं होत नव्हतं. कामावरून आल्या की उषाबाई तातेरावांच्या ओट्यावर बसून नातवाला व्हिडिओवर हाक मारायच्या, "कुठंय माझा राजा?" ते पोर खिदळून पडद्यावर हात मारायचं. अख्ख्या गल्लीला त्या हाकेची सवय झाली होती.

दिवाळीनंतर नेट रांगायला लागलं. तातेरावांच्या बातम्या अर्ध्यावर अडकायच्या. त्यांनी घरातले फोन मोजले आणि वरचा एक सापडला, उषाबाईंचा. मुलाचा कॉम्प्युटर मोजला नाही. तो घरचा ना! गल्लीदेखत म्हणाले, "उषाबाई, तुमच्या व्हिडिओनं आमची लाइन जाम होऊन राह्यली. आता तुमचं तुम्ही बघा."

पासवर्ड बदलला. उषाबाई पदर सावरून उठल्या. त्यांच्या मोबाइलला बोलण्यापुरतंच रिचार्ज असायचं, आणि तेवढ्या बाळाला नुसत्या आवाजातून काय आजी कळणार?

नेट मात्र तसंच रांगत राहिलं. पण कंडक्टरांना चूक दाखवायची कुणी?

उन्हाळ्यात सुमितचा, म्हणजे त्यांच्या मुलाचा, कॉम्प्युटर बिघडून दुरुस्तीला जालन्याला गेला, आणि त्याच दिवशी नेट सुसाट पळालं. तातेरावांनी सुमितला समोर बसवलं.

तो खाली बघत म्हणाला, "दादा, त्याच्यात पिक्चर डाउनलोडला लावून ठेवल्ते मी. ते एकाच वेळी शेकडो ठिकाणी कनेक्शन उघडून बसतं. आपल्या राउटरला तेवढी झेपत न्हाईत."

"मंग उषाबाईंचा फोन?"

"त्यानं काहीच होत नव्हतं."

तातेरावांनी राउटरकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे पॅसेंजर एकच, अन् साऱ्या सीटांवर रुमाल टाकून बसलेला. अन् मी खाली उतरवलं कोणाला!"

उभी नोकरी असल्या रुमालवाल्यांशी भांडण्यात गेली, आणि घरातला रुमाल दिसला नाही. वाईट वाटतं ते याचंच.

तसेच उठून ते उषाबाईंकडे गेले. "चुकलं माझं, बाई," म्हणाले, आणि त्यांना ओट्यावर आणून बसवलं. सुमितनं फोनात नवा पासवर्ड टाकून दिला. वंदनाला व्हिडिओ लागला. चित्र इतकं स्वच्छ की बाळाचे नवे दात दिसत होते.

"कुठंय माझा राजा?"

बाळानं टक लावून पाहिलं. मग घाबरून आईच्या खांद्यात तोंड खुपसलं आणि रडायला लागलं.

"असू द्या भाऊ," उषाबाईच तातेरावांना म्हणाल्या, "वळखील हळूहळू."

तातेराव मान खाली घालून उभे होते. नेट आता बिलकुल अडकत नव्हतं. रडणं शेवटपर्यंत स्पष्ट ऐकू आलं.