शुक्रवारचं मशीन

रेवसच्या धक्क्याकडून गावात वळलं की तिसरं घर फिरोजाचाचीचं. वय अडुसष्ट. नवरा करमअली जाऊन सहा वर्षं झाली. तिचे कान त्याआधीच मंद झाले होते, मोबाईलवर नुसती खरखर ऐकू येई. म्हणून कतारला नोकरीला असलेल्या मुझम्मिलने, तिच्या मुलाने, एका सुट्टीत अॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर आणून दिले. फोनची वायर जोडली की त्याचा आवाज खोलीभर होई. अॅम्प्लिफायर डी क्लास जातीचा आहे, तापत नाही, असं तो सांगून गेला.

चाचीने ते मशीन जपलं. खारी हवा लागू नये म्हणून प्लॅस्टिक गुंडाळलं, वर क्रोशाचं झाकण घातलं, शोकेसमध्ये ठेवलं. शुक्रवारी नमाजानंतर फोन येई. ऐनवेळी बटण सापडलं नाही तर, या धास्तीने ती सकाळीच ते चालू करून ठेवी. पहिली वर्षं मायलेक अर्धा-अर्धा तास बोलत. गेल्या वर्षापासून मात्र पाचव्या-सहाव्या मिनिटाला आवाज गडप होऊ लागला.

"पोराचं निम्मं बोलणं याच्या पोटात राहतं," ती म्हणायची.

शेवटी तिने किहीमच्या हरेश्वर मेकॅनिकला बोलावलं. झाकण बघून तो हसला.

"चाची, हा कमी तापतो, पण तापतोच. तुम्ही त्याला मे महिन्यात गोधडी घातलीत."

उष्णतेने हे एका दिवसात मरत नाही, त्याने समजावलं. आतले कपॅसिटर वर्षानुवर्षं सुकत जातात, मग जरा तापलं की मशीन आपणहून बंद होतं. त्याने फुगलेले दोन बदलले, मशीन उघड्या टेबलावर ठेवलं आणि फोन आल्यावरच चालू करायला सांगितलं.

शुक्रवारी आवाज लख्ख आला. इतका की मुझम्मिलच्या मागे टीव्हीवर चाललेली क्रिकेटची कॉमेंट्रीही ऐकू आली. चाचीने विहिरीचं सांगितलं, फणसाचं सांगितलं. मुझम्मिलचं "हां" दर वेळी जरा उशिरा येई. बाकी खैरियत ना, हे त्याने तीनदा विचारलं. मग म्हणाला, "चल अम्मा, ठेवतो."

सात मिनिटं झाली होती. मशीनचा निळा दिवा चालूच होता.

पुढच्या शुक्रवारी हरेश्वर या बाजूला आला होता, म्हणून डोकावला. फोन नुकताच होऊन गेला होता. त्याने विचारलं, आता नीट चालतंय ना?

"कुठं? परत मधेच बंद पडलं."

हरेश्वरने मशीनवर तळवा ठेवला. ते थंड होतं. तो खुर्ची ओढून बसला.

"चहा टाका, चाची," तो म्हणाला. "आज मला घाई नाही."