नानांचं नाव सांगा

त्या गावात जे काही विकलं जायचं ते फाटकाच्या जिवावर. फाटकाच्या अलीकडे एक देश, पलीकडे दुसरा, आणि मधल्या डांबरी तुकड्यावर सगळ्या गावाचं पोट. दोरीवाला दोरी विकायचा, कारण तपासणीसाठी ट्रकवरची ताडपत्री सोडावी लागे आणि मग पुन्हा बांधावी लागे. सलूनवाला लोकांना त्यांच्या पासावरच्या फोटोसारखं करून द्यायचा. फोटोत मिशी नसली तर काढायची. असली आणि तोंडावर नसली, तर "महिन्याभराने या" म्हणायचं. बादल्यावाला एकात एक घातलेल्या प्लास्टिकच्या बादल्यांची उतरंड डोक्यावर घेऊन पलीकडे जायचा आणि येताना साबण आणायचा. आणि नाना? नाना ओळख विकायचे.

नानांची फाटकावर ओळख आहे, हे गावातलं शेंबडं पोरही सांगे. कोणाशी आहे, कधीपासून आहे, हे विचारायच्या भानगडीत कोणी पडत नसे. पडलंच, तर नाना डोळे बारीक करून म्हणत, "काही गोष्टी बोलायच्या नसतात रे." झालं, समोरचा गप्प.

सकाळी सलूनसमोरच्या बाकावर नाना येऊन बसत. अंगात खाकीच्या जवळपास जाणाऱ्या रंगाचं जाकीट, हातात किल्ल्यांचा जुडगा. त्यातली एक किल्ली घराची. बाकीच्या कशाच्या होत्या ते नानांनाही सांगता आलं नसतं, पण जुडगा वाजला की माणूस अधिकारी वाटतो.

"कुठे निघालात? कागद आहेत ना? मग जा बिनधास्त. फाटकाच्या खिडकीवर नुसतं माझं नाव सांगा. नानांची माणसं म्हणायचं."

आता ज्याचे कागद धड, त्याला खिडकीवरचा माणूस तसाही सोडणारच होता. त्याचं कामच ते. पण सुटलेल्याला वाटे, नानांमुळे सुटलो. आणि अडकला, तर नाना जीव तोडून हळहळत. "अरेरे, आज ते दुसरे साहेब दिसतायत. मला विचारून जायचं की नाही?" तो बिचारा विचारूनच गेलेला असे. पण परतल्यावर चूक आपलीच, असं मानून तोच माफी मागे. सुटलेले लोक पलीकडून येताना नानांसाठी काहीबाही आणत. कोणी साबण, कोणी टॉर्च, कोणी थर्मास. नानांच्या फडताळात थर्मासच थर्मास, आणि घरातला चहा कायम गार.

ही ओळख जुळली कशी, तेही सांगतो. नाना तरुण असताना एकदा रस्त्यात उभे होते. फाटकावरच्या पहारेकऱ्याने हात वर केला. भर बाजारात, सगळ्यांच्या देखत, थेट नानांच्या दिशेने. नानांनी लगेच हात वर करून उत्तर दिलं. त्यांची बायको तेव्हा शेजारीच होती. तिचं म्हणणं, तो माणूस माशी हाकलत होता. पण बाजाराने माशी पाहिली नाही, हात पाहिला. त्या एका हातावर नानांनी उभा जन्म काढला.

जन्म काढला म्हणायचं, पण घर चालत होतं बायकोच्या शिलाई मशिनवर. हमाल, व्यापारी, सगळ्यांच्या बोचक्यांना आणि पिशव्यांना ती पट्टे शिवून देई. असे पट्टे, की पिशवी फाटेल पण पट्टा सुटणार नाही. गाव तिला काकू म्हणे. काकू बोलायला फटकळ. नाना घरी ओळखीचा विषय काढायला लागले, की ती मशीन जोरात चालवायला घेई.

एवढ्या ओळखीचे नाना स्वतः मात्र कधी पलीकडे गेले नव्हते. का? तर जायचं म्हणजे रांगेत उभं राहायचं. दोरीवाल्याच्या पुढे, बादल्यावाल्याच्या मागे, चारचौघांसारखं. ज्याच्या नावाने लोक सुटतात, त्यानेच पास हातात धरून ताटकळायचं म्हणजे अब्रूचा पंचनामा. मुलगी लग्न होऊन पलीकडे गेली, फाटकापासून हाकेच्या अंतरावर नांदू लागली. काकू दर महिन्याला तिच्याकडे जाऊन येई. नानांना कधी कामं असायची, कधी पाय दुखायचा. मुलगी हसून म्हणायची, "बाबा, तुमच्या ओळखीने अख्खं गाव इकडे येतं. तुम्ही तेवढे येत नाही."

मग मुलीला दिवस गेले. लग्नानंतर किती वर्षांनी, किती दवाखाने पालथे घातल्यावर, ते ज्याचं त्याला ठाऊक. मुलगी झाली, बाळंतीण सुखरूप. निरोप आला त्या दिवशी नाना बाकावर आलेच नाहीत. घरी आरशासमोर उभं राहून जाकिटाची बटणं लावत होते, काढत होते. काकूने मशीन थांबवलं.

"येताय?" तिने विचारलं.

"येतो," नाना म्हणाले. नातीला बघायचं होतं हो त्यांना. बाकी माणूस कितीही फुशारकीचा असला, तरी हे खरं होतं.

आता घोळ असा, की गेले काही दिवस खिडकीवर नव्या बाई आल्या होत्या. जुने साहेब कान बंद ठेवून शिक्के मारत. माणसं "नानांची माणसं" म्हणत, ते "हं" म्हणत, संपला विषय. या बाई कान उघडे ठेवणाऱ्या निघाल्या. पहिल्या दिवशी नाव ऐकलं, दुसऱ्या दिवशी ऐकलं, आणि मग येणारा जाणारा जो तो तेच नाव घेतोय म्हटल्यावर त्यांचं डोकं चालायला लागलं. हा कोण नाना? एवढी माणसं याची कशी? काय नेतात, काय आणतात? बाईंच्या जागी कोणीही असता तरी हेच म्हणाला असता, की ही मोठी टोळी आहे आणि नाना तिचा म्होरक्या.

सलूनवाल्याला हे माहीत होतं. नव्या बाई नानांबद्दल फार चौकशी करतात, हे त्याने नानांच्या कानावरही घातलं होतं. नाना मान डोलवत म्हणाले, "करणारच. नवीन माणसाला आधी मोठ्यांची माहिती घ्यावी लागते."

जायच्या दिवशी नाना रांगेत आले आणि रांग दुभंगलीच. बादल्यावाला उतरंड सांभाळत बाजूला झाला. "नाना, तुम्ही आणि रांगेत? पुढे व्हा." दोरीवाल्याने वाट करून दिली. नाना नको नको म्हणत, पण पाय पुढेच टाकत, थेट खिडकीशी पोचले. पुढे काकू होती, हातात बाळाच्या दुपट्यांची पिशवी.

बाईंनी पास पाहिला. "कोणाची ओळख?"

काकूने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "कोणाची नाही."

"नाना म्हणून कोणी?"

"घरात एक म्हातारा आहे," काकू म्हणाली. "पण तो कोणाच्या काही कामाचा नाही."

शिक्का बसला. काकू गेलीसुद्धा. नानांना राग आला, पण म्हटलं, बायकांना पोच नसते. ते खिडकीशी वाकले आणि जन्मभर दुसऱ्यांना घ्यायला शिकवलेलं नाव पहिल्यांदाच स्वतःसाठी वापरलं.

"मी नाना."

बाई उठून उभ्या राहिल्या. नानांना वाटलं, मान देतायत. छाती पुढे आली. बाईंनी आतलं दार उघडलं, "आत या" म्हणाल्या, खुर्ची दिली, चहासुद्धा मागवला. ज्या खोलीच्या नावावर इतकी वर्षं काढली, ती नाना आज पहिल्यांदा आतून पाहत होते. भिंतीला ओल आली होती आणि पंखा कुरकुरत होता. बाहेरून काचेतून सगळी रांग टाचा उंचावून बघत होती. नाना बाईंच्या समोर बसून चहा पितायत. बाजारात त्यांचा भाव आभाळाला टेकला.

"तुमची माणसं एकूण किती?" बाईंनी विचारलं.

"अहो, सगळं गावच आपलं," नाना सवयीने म्हणाले.

"काय नेतात ती?"

"नेतात आपलं काहीबाही. आपण बारीकसारीक बघत नाही."

"आणि इथलं कोण सामील आहे तुम्हाला?"

'सामील' हा शब्द कानात शिरला आणि नानांनी कप घाईघाईने तोंडाला लावला. आपल्याला मान मिळत नाहीये, आपली चौकशी चाललीय, हे कळायला त्यांना चहा संपावा लागला. मग त्यांची पाचावर धारण बसली. हात जोडून ते भडाभडा बोलत सुटले. माझी कोणाशी ओळख नाही. एका माणसाने एकदा हात केला होता. तोही माशीला असेल. मी नुसता बाकावर बसतो. माझं घर बायको चालवते. मला नातीला बघायचंय, बाई.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "ठीक आहे. मग हेच बाहेर रांगेत सांगा. सगळ्यांसमोर. खरं असेल तर सोडते."

घ्या. एका पारड्यात नात, दुसऱ्या पारड्यात जन्मभराचा रुबाब. वाईट वाटावं असा प्रसंग, आणि मला नानांचं खरंच वाईट वाटतं, कारण त्यांनी फार वेळ लावला नाही. ते उठले, दारात उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले, "ऐका. माझी इथे कोणाशी ओळख नाही. कधीच नव्हती. तुम्ही सगळे आपापल्या कागदांवर सुटत होतात."

मग बादल्यावाल्याने हळूच डोळा मारला. दोरीवाला ओठ दाबून मान हलवायला लागला. कोणीतरी मागून म्हणालं, "बरोबर आहे नाना, आमची कसली ओळख तुमच्याशी. आम्ही तर तुम्हाला पाहिलंही नाही." आणि अख्खी रांग गालातल्या गालात हसली. बाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी मारलेले डोळे पाहिले, हलणाऱ्या माना पाहिल्या.

"वाटलं त्यापेक्षा प्रकरण मोठं आहे," त्या म्हणाल्या. "चौकशी पुरी होईपर्यंत तुम्ही पलीकडे जायचं नाही."

नाना परत फिरले. बाजाराने त्यांना उठून जागा दिली. नव्या बाईंनाही खिशात घातलं म्हणून सलूनवाल्याने फुकट दाढी करून दिली. नानांनी खरं काय ते सांगायचा प्रयत्न केला, तर तो साबण लावता लावता म्हणाला, "काही गोष्टी बोलायच्या नसतात, नाना. तुम्हीच सांगता ना?"

चौकशी काही पुरी झाली नाही. अशा चौकशा पुऱ्या होत नसतात. शेवटी बाळ घराबाहेर काढण्याजोगं झाल्यावर मुलगीच यायला निघाली, काकू तिला घ्यायला गेली. नाना फाटकाच्या अलीकडे आडव्या दांड्याला धरून उभे. खिडकी एकच, येणाऱ्यांची रांग एका अंगाला, जाणाऱ्यांची दुसऱ्या, त्यामुळे बोललेलं सगळं ऐकू येत होतं.

"कोणाकडे निघालात?" बाईंनी मुलीला विचारलं.

"आईकडे."

"वडील?"

मुलीने एकदा दांड्याकडे पाहिलं. आईने पढवलेलं होतं. "माझी इकडे दुसऱ्या कोणाशी ओळख नाही," ती म्हणाली, आणि शिक्का बसला.

नानांना ते लागलं. इतकं लागलं, की दांड्यावरची बोटं सुटेनात. पण दुसऱ्याच क्षणी नात त्यांच्या हातात होती, दुपट्यात गुंडाळलेली, तोंड आंबट करून झोपलेली. ओळख नाही असं सांगितलं म्हणून ती अलीकडे आली होती. नानांच्या डोळ्यांना धार लागली. जुडगा खिशात होता, तो काढून वाजवावा असं त्यांना वाटलं नाही.

तेवढ्यात बादल्यावाला उतरंडीखालून वाकत आला. "नाना, आज जरा जास्तीचा माल आहे. शब्द टाकता का?"

"माझं नाव घेऊ नकोस," नाना कळवळून म्हणाले. "हात जोडतो तुला. खिडकीवर माझं नाव अजिबात घेऊ नकोस."

बादल्यावाल्याने समजूतदारपणे मान डोलवली. नानांची कामाची पद्धत बदललेली दिसते, हे त्याने ओळखलं. तो खिडकीशी गेला, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून, पण दांड्यापर्यंत ऐकू येईल इतपत, म्हणाला, "बाई, नानांनी सांगितलंय, त्यांचं नाव घेऊ नका म्हणून."

खिडकीत बाईंनी मान वर केली. आणि भर बाजारात, सगळ्यांच्या देखत, थेट नानांच्या दिशेने हात वर केला. या खेपेला माशी नव्हती. बाजार थक्क होऊन बघत राहिला.

काकूने पुढे होऊन नानांच्या हातातून नात काढून घेतली.

"द्या इकडे," ती म्हणाली. "आणि जा. तुमची ओळख बोलावतेय."