भाऊकाका आणि कुलूपबंद बाग

गिऱ्हाईक आंब्याची पेटी घेऊन निघालं की भाऊकाका त्याला फाटकापर्यंत सोडायला जात आणि वाटेत आपल्याच मालाला नावं ठेवत. "वरून झकास दिसतोय. पण आत साका निघाला तर सांग हो. साल दाखवायला आणू नकोस, नुसतं सांग. दुसरा देईन." साका म्हणजे हापूसच्या गरात धरणारा पांढरट, बेचव भाग. तो बाहेरून कळत नाही, आंबा कापावाच लागतो. असल्या माणसाला कोणीही टोपी घालील, असं मला वाटे. मी त्यांचा शेजारी आणि बँकेत कारकून. लोकांवर संशय घेण्याचाच मला पगार मिळे.

काकींना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. बोटं हलती ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण रबरी चेंडू दाबायला काकी कंटाळत. इंटरनेट तेव्हा आमच्या आळीत नुकतंच आलं होतं. मी त्यांना संगणकावर बागेचा एक खेळ दाखवला. माउसने रोपं लावायची, पाणी घालायचं, तण काढायचं. काकी रमल्या. भाऊकाकांनी लगेच एका परदेशी कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून तो खेळ स्वतःच्या कार्डावर विकत घेतला. शेवटी 'मान्य' आलं, तेही त्यांनीच दाबलं, सत्यनारायणाला फूल वाहावं इतक्या भक्तिभावाने.

पुढे वीज पडून संगणक जळला. नव्या संगणकावर खेळ उघडेना. कंपनीचं उत्तर आलं, की खेळ एकाच संगणकापुरता होता आणि ही अट तुम्ही मान्य केलेली आहे.

"ही अट पैसे घेण्याआधी दाखवलीन काय?" भाऊकाकांनी विचारलं.

"नाही. नंतर आली," मी म्हटलं.

"मग हा साका. आणि हा बागवाला म्हणतोय, कापलास ना, आता गीळ."

त्यांनी जिल्ह्याच्या ग्राहक मंचात तक्रार लावली. आळीने त्यांना वेड्यात काढलं. म्हातारा खेळण्यासाठी कोर्टात गेला, असं लोक म्हणत. तारखा पडत राहिल्या. तोवर फणसाच्या आठळ्या सोलून सोलून काकींचा हात बराच सुधारला. एकदा माझ्यासमोरच त्या म्हणाल्या, "मला नको आता तो खेळ. कशाला खेपा घालताय उन्हातान्हातून?"

"नको तर नको. पण ते तू ठरवायचंस. त्या बागवाल्यानं नाही."

कंपनीचे मुंबईचे वकील तडजोड घेऊन आले. तक्रार मागे घ्या, दुसरा नवा खेळ फुकट देतो. भाऊकाका म्हणाले, "फुकटचं नको. विकलायत तो द्या." मला त्यांचा रागही आला आणि अभिमानही वाटला.

शेवटच्या सुनावणीला त्यांनी पिशवीतून एक पिकलेला हापूस काढून वकिलांपुढे ठेवला. "सांगा, आत साका आहे?"

वकिलांनी आंबा फिरवून पाहिला, वासही घेतला. "कापल्याशिवाय कसं सांगणार?"

"मग मी तरी काय सांगणार होतो? तुमच्या अटी पैसे दिल्यावर बाहेर आल्या. आधी दाखवल्या असत्यात तर वाचून नको म्हटलं असतं."

अध्यक्षांनी आंबा पिशवीत ठेवायला सांगितलं, पण त्यांना हसू आवरेना. निकाल भाऊकाकांच्या बाजूने लागला. कंपनीने खेळ उघडून द्यावा, असा आदेश झाला. बाहेर आल्यावर भाऊकाकांनी तो आंबा वकिलांनाच देऊन टाकला. "साका निघाला तर कळवा हो. दुसरा पाठवीन."

खेळ उघडला त्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. काकींना खुर्चीत बसवलं. त्यांची बाग कंपनीच्या संगणकावर जपलेली होती, होती तशीच, अर्धी लावलेली. काकींनी उजव्या हाताने माउस धरला, एका रोपाला पाणी घातलं, थोडा वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, "पुरे आता. आठळ्या राहिल्यायत." आणि त्याच हाताने खेळ बंद करून उठल्या.

मी भाऊकाकांकडे पाहिलं. इतक्या खेपा, इतकी उन्हं, आणि खेळ पाच मिनिटंही चालला नव्हता. ते मात्र समाधानाने पान लावायला बसले होते.

"बघितलंस?" ते म्हणाले. "आता तिनं बंद केलान."