चुलीवरच्या माळ्यावरची जीप

‘‘मंग कठं ठेवाची होती मी ती?’’ सूर्यमाळजवळच्या एका पाड्यावर काशीबाई भोये यांनी मला हा प्रश्न विचारला.

‘ती’ म्हणजे वीतभर लांबीची प्लास्टिकची जीप. त्यांचा मुलगा रूपेश ठाण्यात एका खेळण्यांच्या दुकानात कामाला होता. सुट्या भागांचा संच आणून १९९५च्या दिवाळीत त्याने ओट्यावर बसून, एकेक भाग चिकटवत ती उभी केली. पुढच्याच पावसाळ्यात तो काविळीने गेला. त्याचा फोटोही नव्हता. त्याच्या हातचे असे घरात एवढेच उरले.

या घरांत जे जपायचे ते चुलीवरच्या माळ्यावर जाते. धूर आणि ऊब यांमुळे भात-नागलीच्या बियाण्याला कीड लागत नाही. काशीबाईंनी जीप फडक्यात गुंडाळून बियाण्याशेजारी ठेवली. शेजारची गंगी थट्टेने म्हणाली, ‘‘पावसात पेरशील काय गं गाडी?’’ काशीबाई हसल्या, पण जागा त्यांनी बदलली नाही.

२००१ साली बियाणे काढताना फडके चिकटलेले निघाले. टायर चिकट होऊन चाकांत रुतले होते. खोडाळ्याला शिक्षक असलेला त्यांचा पुतण्या उमेश मला तेथे घेऊन गेला. मी जव्हारला रसायनशास्त्र शिकवत असे.

कारण सांगण्याजोगे होते. टायरचे व्हिनाइल मऊ राहावे म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळतात. ते वर्षानुवर्षे बाहेर झिरपते आणि ज्या कडक प्लास्टिकला टेकते, त्याला विरघळवते. उबेने हे लवकर घडते. मी सांगितलेले उमेशने त्यांना त्यांच्या बोलीत समजावले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे वळून तो प्रश्न विचारला. गार कपाटातही हे घडलेच असते, फक्त उशिरा. टायर काढून वेगळे ठेवले असते तरच चाके वाचली असती. म्हणजे मुलाने जोडलेले आईने सोडवायला हवे होते. हे त्यांना सांगणे शक्य नव्हते.

उमेशने एक टायर अलगद ओढून पाहिला. चाकासकट आस तुटला. काशीबाईंनी त्याचे मनगट धरले. ‘‘राहू दे बाला. आता तुझा हात नको लावू.’’

तुटका भाग आणि जीप त्यांनी एकत्र बांधून पुन्हा माळ्यावर ठेवली.

२००४च्या मे महिन्यात बियाणे काढताना दिसले, की सोबत बांधलेल्या तुटक्या चाकाच्या टायरला टेकून जीपचा तळही विरघळून फडक्याला चिकटला होता; ती त्यातून वेगळी निघाली नाही.