तळवे कोण बघणार?

डॉक्टरीणबाईंनी मला डोळे मिटायला सांगितले. नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला टेकवून त्या विचारत होत्या, "कळतंय का?" मी ठणकावून म्हटलं, "हो!" त्या म्हणाल्या, "काका, मी अजून लावलाच नाहीये."

डायबेटिक न्यूरोपॅथी, म्हणजे साखरेमुळे नसा निकामी होणं. "यात इन्फ्लमेशनचाही हात असतो. वाढलेल्या साखरेने नसांना आतल्या आत दाह होतो, सूज येते," त्यांनी समजावलं.

मी त्यातली सूज तेवढी उचलली. सुजेला शेक, हे आमच्या मालवणच्या घरात पोराटोरांनाही ठाऊक. घाटकोपरच्या खोलीत मी एकटा, बायको जाऊन चार वर्षं झाली. विचारणार कोणाला? मीठ घालून कढत पाणी केलं आणि पाय बुडवून मॅच बघत बसलो. छान वाटत होतं. छान कसलं, काहीच वाटत नव्हतं! पाय बाहेर काढला तेव्हा डाव्या तळव्याची कातडी सुटली होती.

तुम्हालाही हा आजार असेल तर हात जोडून सांगतो, शेक घेऊ नका. ही सूज बाहेरून उतरत नाही. साखर ताब्यात ठेवायची, पायांची जळजळ होत असेल तर डॉक्टर देतील ती गोळी घ्यायची, अनवाणी फिरायचं नाही. थेट दाहावरच्या औषधांचं संशोधन चालू आहे म्हणे. माझ्या चिठ्ठीवर अजून काही आलेलं नाही.

दीड महिना ड्रेसिंगच्या रांगेत काढला. पाय वाचला. शेवटच्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरातल्या कोणालातरी रोज तळवे बघायला सांगा. पुढच्या वेळी पाय वाचेलच असं नाही."

मी मान डोलावली. घरात आहे कोण? माझे गुडघे वाकत नाहीत. जमिनीवर आरसा ठेवून पाहिला, पण धड दिसेना. रडू आलं, खोटं कशाला सांगू?

समोरच्या खोलीतल्या परबलाही साखर आहे, तोही एकटाच. त्याला विचारायला चार दिवस लागले. म्हातारपणी कोणाच्या मांडीवर पाय कसा ठेवायचा?

"अरे मेल्या, लाजतोस काय? दे पाय इकडे!"

त्याने पाय मांडीवर घेतला, चष्मा वर केला, बोटांच्या बेचक्यांतून अंगठा फिरवला. "काय नाय. बरा आहे," म्हणाला.

आता रोज सकाळी चहाआधी तो माझे तळवे बघतो, मी त्याचे.

ड्रेसिंगवाल्यांचे ग्लोव्हज सोडले, तर चार वर्षांत मला कोणी हात लावला नव्हता. परबने लावला तेव्हा मला काहीच कळलं नाही. मी नुसता त्याच्या हाताकडे बघत राहिलो.