पूजलेलं मशीन

गोदामाचं भाडं सुरू झालं तेव्हा सोबत अक्कलही आली, असा माझ्या थोरल्या भावाचा ठाम समज आहे. वडपे गावातली आमची शेतं गोदामांखाली गेली, तबेल्यात सात म्हशी उरल्या. त्यांच्यासाठी त्याने दूध काढायचं मशीन आणलं.

ते धुवायची त्याची रीत म्हणजे निव्वळ तमाशा. दूध काढून झालं की उकळतं पाणी थेट रबरी नळीत ओतायचं आणि हात झटकायचे. झालं धुऊन!

आई आयुष्यभर दुधाचे कॅन धूत आली. आधी कोमट पाण्याने विसळायचे, मग सोडा घातलेल्या गरम पाण्याने घासायचे आणि उन्हात पालथे घालायचे. तिने त्याला किती वेळा सांगितलं, "आदी कोमट, मंग गरम. कढत पानी पयलं घातलंस तं दूध आतच शिजून चिकटतंय."

"आये, ह्ये मशीन हाय, चरवी न्हाय," म्हणून शहाणा मोकळा व्हायचा.

खंडेनवमीला तर त्याने कहर केला. सकाळचं दूध निघाल्याबरोबर मशीनला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. पूजलेल्या हत्याराला पाणी लावायचं नाही, असा नियम तिथल्या तिथे काढला. संध्याकाळचं दूध त्याच न धुतलेल्या नळीतून निघालं. दसऱ्याच्या सकाळी मी नळीत बोट घातलं, तर पिवळा, आंबूस, चिकट थर हाताला आला. हातानेच दूध काढू, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी बोललो नाही. नारपोलीचा मिठाईवाला वडिलांच्या वेळेपासून आमचं दूध घेतो; त्याच्यासमोर या दीडशहाण्याचं नाक कापलं जावं, अशी माझी मनापासून इच्छा होती.

त्या सकाळचं दूध मिठाईवाल्याच्या बासुंदीच्या कढईत फाटलं. दुपारी मिठाईवाला कॅन घेऊन स्वतः आला. मशीनकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. आईला हात जोडून म्हणाला, "माँजी, अब आपसे बरतन साफ नहीं होते. कल से दूध मत भेजिए."

भाऊ मोबाइलमध्ये डोकं खुपसून उभा राहिला. त्याच्याकडून मला दुसरी अपेक्षाही नव्हती.

आईने रिकाम्या कॅनचा वास घेतला, आतून बोट फिरवून पाहिलं. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "माज्याच हातून ऱ्हायलं का रं?"

नळीतल्या थराचं मी तिला तेव्हाही सांगितलं नाही.