भाऊजींची सायकल आणि जवसाचं तेल

सायकलची साखळी तेलात तळली तर कुरकुरीत होत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो.

तेव्हा मी मॅट्रिक होऊन केळझरला घरी बसलो होतो. बसलो म्हणजे नावापुरता. माझं बूड एका जागी कधी टेकलंच नाही. सिंदीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकुनाची जागा रिकामी होती आणि माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, तिथे मुनीम! दसऱ्याला ते सायकलवर आमच्याकडे आले. दोन दिवस राहून तिसऱ्या दिवशी मला मालकापुढे उभं करायचं ठरलं. जावयाला खूश ठेवायला आईने पुरण घातलं. मी सायकल खोलली. (मला कोणी सांगितलं नव्हतं. हे वाक्य पुढे आमच्या घरात फार वेळा म्हटलं गेलं.)

साखळी, चाकांतले छर्रे, सगळं काळ्या चिकट्याने माखलेलं.

"आई, मातीचं तेल दे."

"अन् कंदिलात काय तुहा डोळा लावू?"

"मग सोड्यानं धुतो."

"जंग चढन," ओट्यावरून बाबा म्हणाले. "पेट्रोल आण कुठून तरी. चटकन निघते." आणि त्यांनी बिडीसाठी काडी ओढली. पेट्रोलचा विचार मी तिथेच सोडला.

माझी घालमेल आईला बघवेना. "काऊन येरझारा घालून राह्यला? बैलबंडीचं वंगण हाताले लागलं तर आपण तेलच चोळतो न? तेलाचा मळ तेलच काढते."

पटलं! आमच्या घरात तेल म्हणजे जवसाचं. कढई चढली, साखळी सोडली, छर्रे सोडले. मळ झरझर सुटला. वासाने भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात.

"काय तळून राह्यल्या, मामी?"

"बसा जी, तुमचंच चालू हाये," आई म्हणाली. भाऊजी समाधानाने पाटावर जाऊन बसले.

मी सायकल जोडली. तेल मुद्दामच पुसलं नाही, तेवढंच वंगण! जावयाची सायकल गावाला दिसावी म्हणून आईने ती दोन दिवस अंगणात भर उन्हात उभी केली. आमचा सुतार दारांना चकाकी आणायला हेच तेल लावतो आणि ते उन्हात वाळून कडक होतं, हे घरात एकालाही आठवलं नाही.

तिसऱ्या दिवशी भाऊजी स्वार झाले, मी मागे कॅरिअरवर. त्यांनी पायडल दाबलं. सायकल जागची हलेना.

"तू पाय टेकवून राह्यला का रे?"

"नाई जी."

ते पायडलवर उभे राहिले. साखळी तुटली, आम्ही दोघं शेणात आणि भाऊजींचं परीटघडीचं धोतर हिरवं! चाकंही फिरेनात. शेवटी सायकल माझ्या खांद्यावर, भाऊजी पुढे, अशी आमची वरात सिंदीला निघाली. माझी नोकरी गेली, हे मला पहिल्याच वळणावर कळलं होतं. भाऊजी वाटभर एक शब्द बोलले नाहीत.

ते सगळे शब्द त्यांनी मालकापुढे काढले. मालक माझ्याकडे वळला.

"मॅट्रिक झाला न?"

"हो जी."

"घ्या याले. पण मशिनीपासून दूर. फाटकाच्या बाहेर."

तिथेच कापसाच्या बंड्या रांगेत लावत माझी सगळी नोकरी उभ्या उभ्याच झाली. मशिनींना तेल घालणारा मिस्त्री रोज सकाळी फाटकातून आत शिरायचा आणि मी दिसलो की हातातल्या बाटलीचं बूच घट्ट करायचा.